डिसेंबरात येणारी यमू

यमू भोईर भिवंडीत येणार असली की ते सगळ्यात शेवटी मला कळायचं, आणि उतरायची मात्र ती माझ्याच घरी.

आधी टेमघरला तिच्या भावांना कळायचं. मग बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईला. ती मला रस्त्यात अडवून विचारायची, "डाक्टरीणबाई, यमूचा यायचा नक्की झाला ना?" मी म्हणायची, "मला काही बोलली नाही अजून." त्यावर ती फुशारकीनं सांगायची, "मना फोन आलता. बोंबील बाजूला ठेव बोलली." आणि मग केव्हातरी माझ्या मोबाइलवर यमूचा लांबलचक बोललेला निरोप यायचा. लिहायचा तिला कंटाळा. मागे इंग्लंडातला पाऊस, मध्येच तिच्या कुत्र्याचं भुंकणं, आणि त्यातून तिचा तो मोकळा, जाडाभरडा आवाज: "नीले, येतंय गो मी. खोली झाडून ठेव. न्हायतर नको झाडू, मी झाडीन."

मी दोन दिवस त्या निरोपाला उत्तर द्यायची नाही. का, ते सांगायला आता काही हरकत नाही. मला यमूचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, चांगला रुजलेला, वर्षानुवर्षं खतपाणी घातलेला हेवा.

यमू म्हणजे डॉक्टर यमुना भोईर. इंग्लंडमधल्या एका मोठ्या इस्पितळातली कानाची सर्जन. तिकडची माणसं तिला डॉक्टर बॉयर म्हणत आणि तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, सांगायचं ना नीट नाव." तर म्हणाली, "हाक मारली, मना ऐकू आली. अजून नावाचा काय काम असतंय?" आणि मी डॉक्टर नीला साने. मीही कानाचीच डॉक्टर. माझा दवाखाना भिवंडीत, एसटी स्टँडपासून चालत येण्याजोगा, खाली कापडाचं दुकान आणि वर मी. आम्ही दोघी एका शाळेत होतो, मुंबईच्या एकाच मेडिकल कॉलेजात गेलो, होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो, आणि दोघींनी कान-नाक-घसा हाच विषय घेतला. पुढे ती गेली, तिकडेच लग्न केलं, आणि मी इथं राहिले.

शाळेत माझी आई आम्हाला मराठी शिकवायची. सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं. आमचं घर म्हणजे वडील नगरपालिकेत कारकून, आई शिक्षिका, जेवताना शुद्धलेखनावर चर्चा. यमूचं घर भिवंडीच्या कडेला, टेमघरला. तिच्या वडिलांनी भातशेतीच्या कडेला शेड बांधून चार लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकले होते आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. त्यामुळे यमूला लहानपणापासून एक सवय लागली होती. ती लांबून बोलायचीच नाही. माणसाजवळ जायची, खांद्यावर हात ठेवायची, त्यानं वळून पाहिलं की मग तोंड उघडायची. शाळेतल्या मुली त्यावर हसायच्या. कुणी पाठीमागून हाक मारली तर ती म्हणायची, "आधी समोर ये, मग बोल." हे वाक्य तिनं पुढे इंग्लंडात प्रोफेसरांना ऐकवलं, भिवंडीच्या नगरसेवकांना ऐकवलं, आणि मलाही पुष्कळदा ऐकवलं.

कॉलेजात पहिल्याच महिन्यात शवविच्छेदनाच्या टेबलावर सरांनी तिला विचारलं, नस सापडली का? यमू म्हणाली, "न्हाय सर, अजून गावली न्हाय." अख्खा वर्ग हसला. सर हसले. मला तिच्या वतीनं इतकी लाज वाटली की कान गरम झाले. त्या रात्री मी तिला खोलीत बसवून 'नाही' म्हणायला शिकवायला लागले. तिनं शहाण्या मुलीसारखं दहादा 'नाही, नाही' म्हटलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशी परत 'न्हाय'. पण गंमत पुढेच आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळी बॅच तिच्यासारखं बोलायला लागली. पुण्याची मुलं, नागपूरची मुलं, दादरच्या त्या नाजूक मुली, सगळ्यांच्या तोंडी "गावली न्हाय." परीक्षेचा निकाल लागला की ओरडायचे, "गावली गो गावली!" माझी मराठी इतकी स्वच्छ, पण तिची नक्कल करावी असं कुणाला कधी वाटलं नाही.

शेवटच्या वर्षी आमच्या विषयातलं सुवर्णपदक तिला मिळालं. दुसरी मी. पदक घेऊन ती खोलीवर आली आणि ते माझ्या उशीवर ठेवून आंघोळीला गेली. "तुझ्याच नोटा वाचल्या मी, अर्धा तुझा हाय." बाहेर येऊन मला म्हणाली, "रडतंस कशाला?" मी म्हटलं, आनंदानं.

इंग्लंडच्या नोकरीसाठी आम्ही दोघींनी अर्ज केले होते. दोघींना बोलावणंही आलं. त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी एकुलती एक. कुणी मला राहा म्हणालं नाही, आईनं तर बॅग भरायला घेतली होती, पण वडिलांच्या तोंडात चमचा धरताना मी ठरवलं की आत्ता नाही, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी लग्न झालं. त्याच्या पुढच्या वर्षी दवाखाना. मला राहिल्याचं दुःख होतं असं नाही. माझं चांगलं चाललं. भिवंडीच्या माणसांचे कान मी इतके तपासले आहेत की रस्त्यात समोरून येणाऱ्याचा चेहरा विसरते, कानाचा पडदा आठवतो. पण इंग्लंडातून तिचं पाकीट आलं की मी ते घरातले सगळे झोपेपर्यंत उघडायची नाही. त्यातल्या फोटोत बर्फ असायचा, आणि बर्फात जाड कोट घालून उभी असलेली यमू मासळीबाजारात उभी असल्यासारखी कमरेवर हात ठेवून हसत असायची.

तिनं दरवर्षी यायला सुरुवात केली ती तिचे वडील गेल्यानंतर. त्यांच्या शेवटच्या आजारात तिला वेळेवर पोचता आलं नव्हतं. फोनवर बोलावं तर त्यांना ऐकू येत नव्हतं. भावानं फोन कानाला लावला, ही तिकडून ओरडत राहिली, आणि ते पलीकडे नुसतं "कोन? कोन?" करत राहिले. हे तिनं मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलताना, माझ्याकडे न बघता. पुढच्या डिसेंबरात ती दोन मोठ्या बॅगा घेऊन दारात उभी राहिली. एका बॅगेत श्रवणशक्ती तपासायचं यंत्र होतं, दुसऱ्या बॅगेत कानाची जुनी मशीनं. आमच्या बॅचची मुलं जगभर पांगली होती, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, आखातात. यमूनं एकेकाला फोन करून छळलं होतं. तिकडे म्हातारं माणूस गेलं की त्याचं कानाचं मशीन घरात पडून राहतं. ती मशीनं मागून घ्यायची, दुरुस्त करायची आणि भिवंडीला आणायची. जी मुलं पदवी घेतल्यापासून एकमेकांशी बोलली नव्हती ती यमूच्या मशीनांपायी परत बोलायला लागली. दर रविवारी व्हिडिओवर जमायची, एकमेकांना "गावली न्हाय" करायची. त्यात मीही असायची, कोपऱ्यातल्या चौकोनात.

कपडे मात्र ती एकच जोड आणायची. बॅगेत जागा नसायची ना! पंधरवडाभर माझेच सलवार-कमीज घालायची. मी जे मला उठून दिसत नाही म्हणून कपाटाच्या तळाला टाकलेलं असायचं तेच ती शोधून काढायची, आणि ते तिच्या अंगावर असं काही बसायचं की माझा नवरा विचारायचा, "हा नवा आणलास का?" जाताना ती ते धुऊन, घडी घालून ठेवायची. मला परत घालवत नसे.

कान तपासायचं शिबिर टेमघरच्या एका हॉलमध्ये भरायचं. लूमवरचे कामगार, लूम दुरुस्त करणारे, रिटायर झालेले जॉबर, शेडच्या बाजूच्या खोल्यांत राहणाऱ्या बायका, सगळ्यांचे कान त्याच आवाजानं गेलेले. मी वीस-पंचवीस वर्षं त्यांना सांगत होते, कानात बोळे घाला, दर वर्षी तपासून घ्या. ऐकून घ्यायचे आणि निघून जायचे. यमू आली की रांग रस्त्यापर्यंत जायची. दारावर फलक लागायचा, त्यावर तिचा मोठा फोटो, 'भिवंडीची कन्या, परदेशातून जन्मभूमीच्या सेवेसाठी', आणि खाली बारीक अक्षरांत, 'स्थानिक सहकार्य: डॉ. नीला साने'. पहिल्या वर्षीच्या सत्कारात पाहुण्यांनी सांगितलं की मातीचं ऋण फेडायला मोठं मन लागतं. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी पुढचं नाव पुकारलं आणि मनात म्हटलं, जी कुठे गेलीच नाही तिनं काय करायचं? ती रोज सकाळी दवाखाना उघडते, त्याला काय म्हणायचं?

यमूला सत्कारातलं काही कळायचं नाही. हार गळ्यात तसाच ठेवून ती परत रुग्ण तपासायला बसायची. नावं तिच्या लक्षात राहत नसत, कान राहत. "तो डाव्या पडद्याला भोक असलेला आला न्हाय यंदा," असं विचारायची, आणि तो कोण ते मला सांगावं लागायचं. तो रांगेत उभा असला तर त्याला वाटायचं, मॅडमनी इंग्लंडातून माझी आठवण ठेवली. माझ्याकडे तो महिन्याला यायचा.

आईची गोष्ट तिसऱ्या की चौथ्या वर्षीची.

आईला ऐंशीनंतर ऐकू येईनासं झालं. कानाच्या डॉक्टरची आई, म्हणजे मी सगळ्यात आधी तिला मशीन आणून दिलं, चांगलं, नवं कोरं. तिनं ते टेबलाच्या खणात ठेवलं. "मला ऐकू येतं. तू पुटपुटतेस." मी समजावलं, चिडले, रुसले. आमच्या घरात टीव्ही ओरडायचा, मी ओरडायची, आणि आई शांतपणे शब्दकोडं सोडवत बसायची. तिच्या बहिणी फोन करायच्या त्या हळूहळू थांबल्या. माझ्याशी बोलणंसुद्धा हो-नाहीवर आलं. एवढी बोलकी बाई आपल्याच घरात पाहुण्यासारखी राहायला लागली, आणि मला काही करता येईना.

यमू आली, बॅग ठेवली, आईच्या खोलीत गेली. पलंगासमोर जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईनं मान वर केली.

"बाई," यमू म्हणाली, "सातवीत तुम्ही मना उठवून पहिल्या बाकावर बसवलं होतं. आठवतंय?"

आई तिच्या ओठांकडे बघत होती. "मागे बसून खिडकीबाहेर बघायचीस."

"मी रडले होते. पहिल्या बाकावर ढ पोरी बसतात म्हणून. तुम्ही बोलला होता, ढ नाहीस, मागच्या बाकावर नीट ऐकू येत नाही एवढंच. आता तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलाव. चला, पुढे या."

आईनं शब्दकोड्याचं पान मिटून बाजूला ठेवलं. मग तिनं आपणहून मान तिरकी केली. यमूनं माझ्याकडे न बघता हात पुढे केला, आणि मी खणातलं मशीन तिच्या हातावर ठेवलं. तेच मशीन. मीच आणलेलं. तिनं ते आईच्या कानात बसवलं, बारीक आवाजात सुरू केलं, थोडं थोडं वाढवत नेलं. आई खिडकीकडे वळली, बाहेर कावळा होता. मग स्वयंपाकघराकडे वळली, कुकरची शिट्टी झाली होती. मी विचारलं, "आई, बरं वाटतंय का गं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "नीला," ती म्हणाली, "तुझा आवाज असा दमलेला कधीपासून झाला?"

मी कुकर बंद करायला गेले. बराच वेळ तिथंच उभी राहिले. आई त्यानंतर शेवटपर्यंत मशीन लावत होती, बहिणींशी तासन्‌तास फोनवर बोलत होती, माझ्या बारीकसारीक बोलण्यातल्या चुका परत काढत होती. हे सगळं मला यमूनं दिलं. आणि तरीही, आई आल्यागेल्याला सांगायची, "हे आमच्या यमूनं बसवलं हो," तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्तानं उठायची. मी एकदाही म्हटलं नाही की आणलं मी होतं. आता म्हणते आहे, तेसुद्धा बरं दिसत नाही.

पण एक वर्ष असं आलं की त्या वर्षी मी जिंकले. निदान मला तसं वाटलं.

शिबिरं संपून यमू परत गेली की उरलेलं वर्ष ती मशीनं घेऊन माणसं माझ्याकडे यायची. बॅटरी संपली, ती बारीक गोळीएवढी बॅटरी भिवंडीत मिळत नाही. मशीन शिट्टी वाजवतं, कारण ते कुणा दुसऱ्याच्या कानाच्या मापाचं. कापसाचा तंतू आत जाऊन जाळी बुजली. एक म्हातारी तर मशीन रुमालात बांधून परत करायला आली: "ले लो डॉक्टरनी, मेरे से नहीं संभलता." मी ती सगळी बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात टाकत गेले. यमूला काही कळवलं नाही. डबा भरला.

त्या डिसेंबरात तिचा मोठा सत्कार ठरला होता. आदल्या रविवारी आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, जगभरची बॅच जमली. एकेक जण सांगत होता यंदा आपण किती मशीनं पाठवली. मी उठले, डबा आणला आणि टेबलावर पालथा केला. ती फिक्या कातडीच्या रंगाची मशीनं घरंगळत पार लॅपटॉपपर्यंत गेली. पडद्यावरचे चेहरे पुढे वाकून बघायला लागले.

"ही तुमची सेवा," मी म्हटलं. "वापरात नसलेली. तुम्ही टाळ्या घेऊन जाता, आणि ह्यांच्या शिव्या मी खाते."

यमूनं एक मशीन उचललं, चष्मा वर करून बघितलं, कानाशी धरलं. दुसरं उचललं. असं तिनं बरीच बघितली. मग मला म्हणाली, "हे मना तवाच का न्हाय सांगितलंस?"

"तू विचारलंस का कधी?"

तिनं हातातलं मशीन खाली ठेवलं. मला वाटलं आता चिडेल. मी त्यासाठी तयारीत होते, माझ्याकडे पुढची वाक्यंसुद्धा तयार होती.

"न्हाय," ती म्हणाली. "विचारलं न्हाय मी. माझा चुकला."

आणि पडद्याकडे वळून म्हणाली, "ऐकला ना सगळ्यांनी? आपला चुकलाय. सत्कार रद्द. आता नीला सांगेल तसा करायचा."

सत्कार खरंच रद्द झाला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून मला घेऊन ती घरोघर निघाली. ज्यांची मशीनं डब्यात होती त्यांच्या खोल्या शोधत आम्ही गल्ल्यांतून हिंडलो, लूमच्या आवाजात, रंगाच्या पाण्यातून उड्या मारत. प्रत्येक दारात ती चप्पल काढायची, माणसाच्या समोर बसायची, खांद्यावर हात ठेवायची आणि सांगायची, "चाचा, मशीन दिया, बाद में पूछा नहीं. गलती मेरी है. माफ करना." मी मागे उभी असायची. मी मनातून वाट बघत होते की कुणीतरी तिला बोलेल. कुणीतरी म्हणेल, फोटो काढायला आलात आणि गेलात. कुणी म्हणालं नाही. बायकांनी चहा केला. एका घरात म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. रुमालातून मशीन परत करणाऱ्या त्या म्हातारीनं तर तिला शेवयांची खीर खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना रिक्षात यमू पेंगत होती आणि मी विचार करत होते, ही चुकते तरी लोक हिच्यावर माया करतात. माझी एकही चूक कधी कुणाची इतकी आवडती झाली नाही.

त्यानंतर कामाचा सगळा नकाशाच बदलला. जुनी मशीनं बंद झाली. परदेशातल्या बॅचनं मिळून माझ्या दवाखान्यात कान तपासणारी एक शिकलेली मुलगी नेमली, बाराही महिन्यांसाठी. मशीनं नवी आली, बॅटरी चार्ज होणारी, प्रत्येकाच्या कानाचा साचा घेऊन बसवलेली. दर गुरुवारी दुपारी यमू तिकडून, तिच्या सकाळी, ड्युटीवर जायच्या आधी व्हिडिओवर यायची. आम्ही अवघड रुग्ण तिला दाखवायचो, आणि अमेरिकेतला एखादा वर्गमित्र झोपमोड करून मध्येच हजर व्हायचा. लूमच्या मालकांशी बोलणं मात्र यमूनं माझ्यावर सोपवलं. "तुला ते घाबरतात. मना नुसता हसून चहा पाजतात." मी मालकांच्या मागे लागले. कामगारांना कानावर लावायची, आवाज अडवणारी हेडफोनसारखी कवचं द्या, म्हणून भांडले. काहींनी हाकलून दिलं, काहींनी दिली. हे यश माझं होतं, आणि यमूनं ते दर रविवारी पडद्यावर सगळ्यांना सांगितलं, नीलानं हे केलं, नीलानं ते केलं. मला ते ऐकताना बरं वाटायला हवं होतं. वाटायचंही. पण लगेच असंही वाटायचं, दुसऱ्याचं कौतुकसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

मागच्या डिसेंबरात ती आली तेव्हा खूप बारीक झाली होती. माझा निळा कमीज तिच्या अंगावर लोंबत होता. मी म्हटलं, "काय गं, काय केलंस?" म्हणाली, "गोड सोडलं." आणि मी, तीस वर्षं डॉक्टर असलेली बाई, ते खरं मानलं. नुसतं मानलं नाही, आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटाकडे बघून चिडले. तिच्या पोटातल्या गाठीचं तिला उन्हाळ्यातच कळलं होतं, हे आम्हाला नंतर तिच्या नवऱ्यानं सांगितलं.

त्या खेपेला तिला कुठे कुठे जायचं होतं. वज्रेश्वरीला देवीला जाऊन आली, तिथल्या गरम कुंडात पाय सोडून बसली. भावांकडे दोन दिवस राहिली. आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी म्हणाली, "मना एक शेड बघायची हाय. तू कवचं लावून घेतलीस ती."

मी तिला घेऊन गेले. शेडमध्ये चाळीसेक लूम एकदम चालू होते. त्या आवाजात माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथले लोक बोलतात ते ओठ हलवून आणि हात हलवून. मला ती भाषा येत नाही. मी दारातच थांबले, अंगाला घाम सुटायला लागला होता. यमू सरळ आत गेली. दोन लूमच्या मधल्या बोळात रफीकचाचा उभे होते, शेडमधले सगळ्यात जुने कारागीर, कानावर निळं कवच लावलेले. त्यांनी तिला ओळखलं. आणि दोघं बोलायला लागली. यमूचे हात भराभर हलत होते, ओठ हलत होते, आवाज अजिबात नाही. वडिलांच्या शेडमध्ये ती हेच बोलत मोठी झाली असणार. इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं.

मध्येच तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग तळहात छातीजवळ नेऊन वारा घातल्यासारखा हलवला, बोटं वर-वर नेली, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला वाटलं, विचारतेय, गरम होतंय का? मी लांबूनच जोरजोरात मान डोलावली, ओढणीनं वारा घेतला आणि हातानंच दाखवलं, हो, फार! त्यावर ती दोघं इतकी हसली की रफीकचाचांना लूमचा आधार घ्यावा लागला. यमूच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. मी थोडी घुश्शातच बाहेर येऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मार्चच्या सुरुवातीला तिच्या नवऱ्याचा फोन आला.

टेमघरला शोकसभा झाली. जगभरची बॅच पडद्यावर रडली. बाजारातल्या मासळीवाल्या बाईनं मला बघून पदर तोंडाला लावला. मला रडू आलं नाही. मी गुरुवारी दुपारी सवयीनं लॅपटॉप उघडून बसले आणि तपासणाऱ्या मुलीनं तो हळूच मिटला, तेव्हा आलं.

मे महिन्यात रफीकचाचा कान दाखवायला आले. तपासून झालं, मी मशीनचा आवाज जुळवला, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "चाचा, उस दिन मॅडम क्या बोली थी? आप दोनों इतना हँसे?"

ते घुटमळले. "छोडो ना, डॉक्टर साब. मजाक था."

"बताओ तो."

"बोली, ये दरवाजे पे खडी है ना, ये मेरी बचपन की सहेली है. मुझसे बहुत जलती है." त्यांनी हात छातीजवळ नेऊन तसाच हलवला, बोटं वर-वर, ज्वाळेसारखी. "फिर बोली, चाचा, ऐसा एक जलनेवाला सबको मिलना चाहिए. मैं परदेस में आधा काम इसके डर से ठीक करती हूँ. फिर मैंने बोला, मॅडम, आपको गलतफहमी है, इतनी अच्छी डॉक्टर है. तो बोली, रुको, उसी से पूछती हूँ."

रफीकचाचा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या कानामागचं मशीन उगाच परत एकदा नीट केलं.

मला ती आता आठवते ती तशीच. माझा निळा कमीज, दोन्ही बाजूंना धडधडणारे लूम, छातीजवळ हलणारा हात, भुवया उडवून माझ्याकडे बघणं. तिनं समोरासमोर विचारलं होतं, आणि मी लांबूनच, सगळ्या शेडच्या देखत, हो म्हणाले होते. हो, फार.